धानपट्ट्यातील हिवाळा आणि वातानुकूलन यंत्राच्या बाह्य युनिटची निगा

धानाची कापणी आटोपून मळणीला वेग आला की रायपूर शहरात आणि भोवतालच्या गावांत वातानुकूलन यंत्रांची बाहेरची युनिटे गुंडाळली जाऊ लागतात. कोठे ताडपत्री, कोठे खताच्या रिकाम्या गोण्या, तर कोठे कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. वरून सुतळीने आवळलेले ते गाठोडे होळीपर्यंत तसेच राहते. यामागे यंत्राविषयीची काळजीच असते. परंतु ज्या धोक्यापासून हे संरक्षण केले जाते तो धोका या भागात जवळजवळ नाही, आणि जे धोके खरोखर आहेत त्यांना हे गाठोडे आश्रय देते.

एके काळी हा विषय घराच्या गच्चीपुरता होता. आता बियाण्यांची लहान शीतगृहे, अळिंबीचे स्पॉन तयार करणाऱ्या प्रयोगशाळा, ऊतिसंवर्धनाची दालने, भाजीपाला साठवणुकीच्या खोल्या यांतून साध्या स्प्लिट यंत्रांचा वापर सर्रास होतो. अनेक प्रगतशील शेतकऱ्यांनी दीड किंवा दोन टनांच्या यंत्रावर वेगळा नियंत्रक बसवून शेतावरच शीतखोली उभारली आहे. अशा ठिकाणी यंत्र बंद पडले तर गैरसोयीवर भागत नाही. साठवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती पणाला लागते. रायपूर ते गोंदिया हा धानपट्टा हवामानाने बराचसा सारखा असल्याने गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपुरातील विस्तार कार्यकर्त्यांनाही पुढील विवेचन उपयोगी पडावे.

थंडीने यंत्राचे काय बिघडते?

युनिट झाकण्याचा सल्ला मुळात हिमप्रदेशांतला आहे. उत्तर अमेरिकेत, कॅनडात किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यात छपरांवरून बर्फाचे सुळे कोसळतात, हिमाचे थर साचतात, गोठलेल्या पाण्याने पंखा जखडतो. तेथील चित्रफिती आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर दिसतात आणि सल्ला जसाच्या तसा उचलला जातो. गमतीचा भाग असा की, त्या देशांतही युनिट पूर्ण झाकू नये, फार तर माथ्यावर आच्छादन ठेवावे, असेच बहुतेक जाणकार सांगतात.

रायपुरात जानेवारीतील सरासरी किमान तापमान १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, पण शून्यापर्यंत उतरत नाही. छत्तीसगडमध्ये दवबिंदू गोठण्याचे प्रकार मैनपाटसारख्या उंच पठारी भागात घडतात. महाराष्ट्रात निफाडच्या द्राक्षपट्ट्यात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पारा याहून खाली जातो. तेथेही यंत्रातील शीतक गोठण्याचा प्रश्न येत नाही. आजच्या बहुतेक नव्या यंत्रांत असलेले आर-३२ हे शीतक सामान्य वातावरणीय दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे रायपूरच्या थंडीत ते गोठण्याच्या जवळपासही जात नाही. युनिटची पेटी, पंखा आणि कॉइल ऊन, पाऊस व वारा सोसण्यासाठीच घडवलेली असतात. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात पूर्ण भाराने चालणाऱ्या यंत्राला जानेवारीची विश्रांती ही सुखाचीच असते.

गाठोड्याच्या आत

हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. रात्री उघड्यावरील पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतो. म्हणूनच पहाटे छपरावर, दुचाकीच्या आसनावर दव दिसते. उघड्या युनिटवरही दव पडते, परंतु सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन आणि वारा त्याला सुकवून टाकतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या युनिटचे तसे होत नाही. ओट्यातून आणि जमिनीतून वर येणारा ओलावा आवरणाच्या आतल्या बाजूवर जमतो, थेंब बनून कॉइलवर पडतो आणि दुपारी पुन्हा वाफ होऊन तेथेच कोंडला जातो. तीन महिने हे चक्र रोज चालते.

कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दोन भिन्न धातू, त्यांच्यामध्ये पाणी आणि पाण्यात थोडासा क्षार एवढे मिळाले की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. त्यात अॅल्युमिनियमचा बळी आधी जातो: पट्टीवर पांढरी भुकटी येते, नळीशी असलेली तिची पकड सुटते आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते.

खताच्या गोणीचे आवरण तर यात सर्वांत वाईट म्हटले पाहिजे. झटकलेल्या गोणीच्या शिवणीतही खताचा अंश राहतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड आहे आणि ओलसर क्लोराइडइतका अॅल्युमिनियमला घातक पदार्थ शेतावर क्वचितच दुसरा असेल. युरियाचा अंश ओलाव्यात विघटित होऊन अमोनिया देतो. अमोनिया तांबे आणि पितळ दोन्ही खातो. याच कारणाने गोठा, कुक्कुटपालनाची शेड आणि खतांचे गोदाम यांच्या भिंतीला लागून बाह्य युनिट बसवू नये. जागेअभावी बसवावेच लागले तर वाऱ्याच्या दिशेचा विचार करून निदान गव्हाणीच्या आणि मूत्रनालीच्या विरुद्ध बाजूला बसवावे.

तांब्याच्या गंजाचा आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. लाकूड, भुसा, ओला पेंढा असे सेंद्रिय पदार्थ कुजताना ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाचे अंश हवेत सोडतात. ओलावा व प्राणवायूच्या सान्निध्यात ही आम्ले तांब्याच्या नळीत केसाहून बारीक, वाकडीतिकडी विवरे कोरतात. नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता ती विवरे मुंग्यांच्या वारुळासारखी दिसतात, म्हणून या गंजाला तेच नाव पडले आहे. बाहेरून नळी शाबूत दिसते आणि वायू मात्र दर हंगामात गळतो. दरवर्षी वायू भरून घ्यावा लागणाऱ्या यंत्राच्या आसपास ओला पेंढा किंवा कुजणारे लाकूड साठवलेले आहे का, हे तपासावे.

उंदीर, खार, पाल

कापणीनंतर शेते रिकामी होतात आणि उंदीर वस्तीकडे वळतात. उबदार, कोरडा, माणसाचा वावर नसलेला आणि बाजूला तणसाचा ढीग असलेला कोपरा त्यांना हवाच असतो; झाकलेले युनिट या सर्व अटी पूर्ण करते. छत्तीसगडमध्ये धानाच्या पेंढ्याला पैरा म्हणतात आणि मळणीच्या अंगणाला ब्यारा. ब्याऱ्याच्या कडेला असलेल्या खोलीचे युनिट आणि पैऱ्याचा ढीग यांच्यात चार-पाच मीटर मोकळी जागा राखणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला दुसरेही कारण आहे. आर-३२ हे सौम्य ज्वलनशील शीतक असल्याने गळती, कुरतडलेली तार आणि वाळला पेंढा यांची गाठ पडू न देणेच शहाणपणाचे.

उंदीर तारांवरील आवरण कुरतडतात. खारी नळीवरील काळा फोम उपसून घरट्याला नेतात. त्यांच्या मानाने किरकोळ वाटणारी पाल आणि मुंग्या दुरुस्तीचा खर्च मात्र मोठा करून ठेवतात. युनिटमधील नियंत्रण फलक वीज चालू असेपर्यंत किंचित कोमट राहतो. त्या उबेला पाल येऊन बसते, दोन जोडण्यांना एकाच वेळी स्पर्श करते आणि स्वतःबरोबर फलकही जाळते. मुंग्या संपर्क-खटक्याच्या फटीत शिरतात. विश्रांतीत असलेल्या युनिटचा एमसीबी बंद ठेवावा, याचे एक कारण हेही आहे.

भिंतीतून नळ्या जेथे बाहेर येतात ते भोक बहुधा तसेच राहते किंवा त्यात फोम भरला जातो. फोम उंदीर एका रात्रीत पोखरतात. भांडी घासण्याची तारेची घासणी ठासून भरावी आणि वरून सिमेंटचा थर द्यावा. ओट्याभोवती जाळी लावायची असल्यास ती कॉइलपासून हातभर दूर असावी. कॉइलला चिकटवलेली बारीक जाळी महिन्याभरात तुसाने भरते.

तूस आणि राख

धानपट्ट्यातील हिवाळ्याचा खरा प्रश्न हवेतल्या कणांचा आहे. मळणीयंत्राचे तूस, कुसळे आणि धूळ, गिरण्यांचा कोंडा, शेतात जाळलेल्या अवशेषांची काजळी, त्यातच रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतून येणारी काळी धूळ. हिवाळ्यात जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर अशी स्थिती रात्री निर्माण होते; त्यामुळे धूर व धूळ वर न जाता खालीच रेंगाळतात. बंद असलेल्या युनिटवरही हे कण बसत राहतात.

राईस मिलच्या परिसरात तुसाच्या राखेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. धानाच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश तूस निघते आणि ते बॉयलरमध्ये जाळल्यावर त्याच्या सुमारे एक पंचमांश राख उरते. या राखेत ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत सिलिका असते. कॉइलच्या पट्ट्यांमधील अंतर जेमतेम दीड मिलिमीटर. राख तेथे शिरते, दवाने भिजते, वाळते, पुन्हा भिजते आणि शेवटी लिंपल्यासारखी चिकटून बसते. तूस निदान हाताने निघते; भिजलेली राख ब्रशलाही दाद देत नाही.

कॉइल तुंबली की उष्णता बाहेर पडत नाही, घनीभवनाचे तापमान वाढते आणि कॉम्प्रेसरला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागते. घनीभवनाचे तापमान १ अंशाने वाढले तर विजेचा वापर साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. मार्चमध्ये १० अंशांनी चढलेले यंत्र मे महिन्यात काय करेल, हे वीजबिल येण्याआधीच कळायला हवे.

स्वच्छता केव्हा आणि कशी

दिवाळीच्या साफसफाईत युनिटही धुऊन घेण्याची पद्धत आहे. शहरात ती ठीक. धानपट्ट्यात ती वेळ चुकीची ठरते, कारण मळणीची धूळ त्यानंतरच येते. परिसरातील मळणी संपल्यावर, म्हणजे बहुतेक गावांत डिसेंबरच्या अखेरीस, मुख्य स्वच्छता करावी. ज्यांच्या शेजारी गिरणी आहे त्यांनी फेब्रुवारीत ती पुन्हा करावी.

प्रथम एमसीबी बंद करून काही मिनिटे थांबावे. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात धारित्रांमध्ये वीज साठलेली असते. लगेच झाकण उघडू नये. कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, झाडावी. कोरडी धूळ न काढता पाणी मारले तर तिचा चिखल होऊन तो आत रुततो. मग वरचे झाकण काढून, विद्युत भाग प्लॅस्टिकने झाकून, साध्या नळीने आतून बाहेरच्या दिशेने पाणी सोडावे. ज्या वाटेने कचरा आला त्याच वाटेने तो परत गेला पाहिजे. फवारणीचा पंप किंवा गाडी धुण्याचा जोराचा झोत वापरल्यास पट्ट्या आडव्या पडतात; आडवी पडलेली पट्टी म्हणजे कायमचा बंद झालेला मार्ग. साबण हवाच असेल तर भांड्यांचा सौम्य द्रव पुरेसा आहे. धुण्याचा सोडा, कॉस्टिक किंवा फरशीचे आम्ल यांपैकी काहीही लावू नये. अॅल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. काम सकाळी करावे, म्हणजे दिवसभराच्या उन्हात युनिट पूर्ण वाळते.

आच्छादन ठेवायचेच असेल तर ते फक्त माथ्यावर असावे. पत्र्याचा किंवा प्लायवूडचा तुकडा, चारही बाजूंना १०-१५ सेंटिमीटर बाहेर आलेला, दोरीने पक्का बांधलेला. बाजू पूर्ण मोकळ्या. पाने, पक्ष्यांची विष्ठा आणि अवकाळी गारा यांच्यासाठी एवढे पुष्कळ होते. रायपूर आणि विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, त्या दृष्टीने हा माथा उन्हाळ्यातही ठेवता येतो. मात्र ज्या युनिटचा पंखा हवा वर फेकतो, त्याच्यावर काहीही ठेवून ते चालवता येणार नाही. आच्छादन असलेल्या यंत्राच्या एमसीबीवर तशी चिठ्ठी चिकटवावी. रिमोट कार्यालयाच्या खणात असतो, पाहुणे येतात, कुणीतरी बटण दाबते आणि गुंडाळलेल्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर तापून बंद पडतो.

जी युनिटे हिवाळ्यातही चालतात

येथवरचे विवेचन विश्रांतीतील यंत्रांचे झाले. बियाणे साठवण आणि स्पॉन प्रयोगशाळा यांना मात्र विश्रांती नसते, आणि त्यांची अडचण निराळी आहे.

बियाण्याच्या आयुष्याविषयी हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: साठवणुकीचे तापमान सुमारे ५ अंशांनी उतरले, किंवा बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने कमी झाला, तर बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. उलट दिशेलाही हिशेब तोच. धानाच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के आणि सोयाबीनला ७० टक्के उगवण लागते. सोयाबीनसारख्या नाजूक बियाण्यात ती मर्यादा एका उन्हाळ्यातच ओलांडली जाते. रायपूरला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगडच्या गावोगावांतून धानाचे हजारो देशी वाण गोळा केले; त्या परंपरेतून इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आज २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. गावपातळीवर शे-पन्नास देशी वाण जपणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्नही त्याच जातीचा, फक्त साधने तुटपुंजी.

शीतखोलीचे यंत्र थंडीत चालते तेव्हा बाहेरची हवा इतकी थंड असते की शीतक अपेक्षेपेक्षा कमी दाबाला घन होते. आर-३२ चा संपृक्त दाब ४५ अंशांना सुमारे २८ बार असतो, १० अंशांना तो सुमारे ११ बारवर येतो. शीतकाला बारीक नळीतून आतल्या कॉइलकडे ढकलणारी शक्ती म्हणजे हाच दाबाचा फरक. तो घटला की शीतक कमी जाते, आतल्या कॉइलचा दाब व तापमान घसरते, तिच्यावर बर्फ जमतो आणि खोली थंड होणे थांबते. रखवालदार अशा वेळी रिमोटवर तापमान आणखी खाली नेतो. त्याने बर्फ वाढतो.

यावर बाहेरच्या कॉइलपुढे पुठ्ठा बांधण्याचा जुगाड काही ठिकाणी केला जातो. पहाटे तो काम करतोही. परंतु रायपुरात हिवाळ्यात पहाटे १३ अंश असलेले तापमान दुपारी २७-२८ वर पोहोचते. पुठ्ठा तसाच राहिला तर दुपारी दाब चढून यंत्र तुटते. पंख्याचा वेग दाबानुसार कमी-जास्त करणारा नियंत्रक बसवणे हा खरा उपाय आहे. खरेदीच्या वेळीच माहितीपुस्तिकेतील ‘थंड करण्यासाठी बाहेरील किमान तापमान’ हा आकडा पाहावा. घरगुती यंत्राकडून शीतखोलीचे काम करून घेणाऱ्यांनी तर तो विचारल्याशिवाय यंत्र उचलूच नये.

मोठ्या शीतकरण युनिटांत कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल उबदार ठेवणारा लहान हीटर असतो. रात्री कॉम्प्रेसर थंड पडला की शीतक त्याच्याकडे सरकते आणि तेलात विरघळते. हीटर हे होऊ देत नाही. वीज वाचवण्यासाठी मुख्य स्विच रात्री बंद केला तर सकाळी यंत्र सुरू होताक्षणी तेलाला फेस येतो आणि बेअरिंगला वंगण मिळत नाही. विश्रांतीतील घरगुती युनिटचा एमसीबी बंद ठेवावा, या वरील सल्ल्याला हा अपवाद आहे: हीटर असलेल्या युनिटची वीज तोडू नये, आणि तोडली गेलीच तर ती पुन्हा दिल्यानंतर १२ ते २४ तास उलटल्यावरच कॉम्प्रेसर चालवावा.

उष्णता देणारी, म्हणजे दोन्ही प्रकारे चालणारी यंत्रे हिवाळ्यात वापरात असतात. त्यांच्या बाहेरच्या युनिटमधून पाणी टपकणे हा बिघाड नव्हे.

कूलरविषयी थोडेसे

गावांतील बहुसंख्य घरांत खिडकीबाहेर उभा असतो तो पत्र्याचा कूलरच, आणि त्याचे नियम उलटे आहेत. टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, क्षारांचा पांढरा थर खरवडून काढावा, गवताच्या ताट्या फेकून द्याव्यात, तळाला गंजरोधक रंग लावावा. वाळलेला कूलर झाकण्यास हरकत नाही. टाकीत राहिलेले बोटभर पाणी पत्रा खाते आणि डासांना जागा देते.

पुन्हा सुरू करताना

मार्चमध्ये रायपूरचे कमाल तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि त्याच आठवड्यात सर्वांना तंत्रज्ञ हवा असतो. म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुपारच्या उन्हात, यंत्र अर्धा तास चालवून पाहावे. त्याआधी माथ्यावरचे आच्छादन उचलून आत गांधीलमाशीचे पोळे किंवा घरटे नाही ना, हे विजेरीने बघावे. पंख्याचे पाते काठीने फिरवावे. जोडण्यांवर तेलाचा डाग दिसतो का ते तपासावे, कारण वायूबरोबर तेलही झिरपते आणि धूळ तेथेच चिकटते. उन्हाळी धानासाठी कृषिपंप चालू असतात त्या दिवसांत गावात दाब खालावतो. २०० व्होल्टच्या खाली यंत्र चालवण्यापेक्षा स्टॅबिलायझर दुरुस्त करून घेणे स्वस्त पडते. स्वच्छ कॉइल, योग्य दाब आणि ठराविक तापमान अशा स्थितीत यंत्र किती ॲम्पिअर घेते, तो आकडा क्लॅम्प मीटरने मोजून युनिटच्या आतील बाजूस तारखेसह लिहून ठेवावा. एप्रिल-मेमध्ये हाच आकडा पुन्हा पाहताना बाहेरचे तापमान जवळ नोंदवावे, कारण उन्हाबरोबर तो थोडा वाढतोच. तापमान सारखे असूनही तो वाढलेला दिसला तर वायू भरणाऱ्याला बोलावण्याआधी ब्रश आणि पाण्याची नळी घ्यावी.